न जाळायची झाडं

केरबानं आकारामचा खांदा मोडला तो करंजाच्या चार डहाळ्यांपायी. आकारामच्या तीन शेळ्या तारेखालून आत शिरल्या आणि झाडाला तोंड लावून उभ्या राहिल्या, एवढाच त्यांचा गुन्हा. केरबा आला तो सोटा उगारूनच आला. पहिला सोटा एका शेळीच्या पाठीत, दुसरा दुसरीच्या, आणि तिसरा "मुक्या जनावराला मारतोस व्हय रं" असं विचारायला पुढं झालेल्या आकारामच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज नाक्यावरच्या चहाच्या गाडीपर्यंत ऐकू आला, असं गाडीवाला अजून सांगतो. गाडीवाला तसा राईचा पर्वत करणाराच आहे, पण खांदा मोडला हे खरं.

ठाण्यात हवालदारानं विचारलं, "पाला खाल्ला म्हणून माणूस मारतोस?"

"पाला न्हवं सायेब, इख हाय ते. त्या शेळीचं दूध ह्येचीच नातवंडं पित्यात."

हवालदारानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग त्याच्या हातांकडं, आणि ह्या हातांनी खांदा मोडला हे त्याला खरंच वाटेना. केरबाचे दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबतात. वर उचलत नाहीत. सोटा मुठीत टिकत नाही म्हणून तो कोपरापासून पंजापर्यंत कापडी पट्टीनं आवळून बांधतो, आणि मग तो ज्याला लागतो त्याला जन्मभर आठवतो.

उचगावच्या कडेला, रुळाच्या पलीकडं, तारेच्या कुंपणात अकरा गुंठे जागा आहे. केरबा तिथला राखणदार. आज तिथं करंज आहेत, निलगिरी आहेत आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत दोन पुरुष उंचीचे एरंड आहेत. सहा वर्षांपूर्वी तिथं गवताची काडी नव्हती. त्याच्या आधी तिथं भट्टी होती. ट्रकच्या, टेम्पोच्या मेलेल्या बॅटऱ्या यायच्या, कुऱ्हाडीनं फोडायच्या, आतलं ॲसिड जमिनीवर ओतायचं आणि शिशाच्या पट्ट्या वितळवून लाद्या पाडायच्या. मालक परगावचा. तो कधी धुरात उभा राहिला नाही, आणि भट्टीला टाळं लागलं तेव्हा टाळ्याजवळही दिसला नाही. माती मात्र इथंच राहिली, ती कुठं जाणार?

केरबा पंचविशीत त्या भट्टीवर लागला. तालमीतला गडी. त्यानं हात धरला की सोडवायला वस्तादाला यावं लागायचं, असं मनगट. आठ वर्षं त्यानं कुऱ्हाड चालवली. पोटात कळा यायच्या, तोंडाला गोडसर चव यायची, आणि राग तर असा यायचा की भाकरी गार लागली तरी ताट भिंतीवर जायचं. आठव्या वर्षी एका सकाळी चूळ भरायला ओंजळ धरायला गेला आणि पंजे उचललेच नाहीत. मालकानं दुसऱ्या दिवशी दुसरा गडी उभा केला.

मग पुष्कळ वर्षांनी विद्यापीठातून अनुजा मॅडम आल्या. बारीक चणीची बाई, पण चिखलात गुडघ्यापर्यंत उतरायची. तिनं माती तपासली आणि झाडं लावली. केरबाला राखणीला ठेवताना तिनं सगळं समजावून सांगितलं. झाडाची मुळं पाणी ओढतात आणि पाण्याबरोबर शिसंही ओढतात. पुष्कळसं मुळांतच अडकतं, काही सालीत, काही पानांत चढतं. एरंड तर ह्या कामात भलताच हावरट. झाडांनी माती धरून ठेवली की धूळ उडून गावात जात नाही, पावसाबरोबर ओढ्यात जात नाही. पान पडलं की गोळा करायचं, पोत्यात भरायचं, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं. वाढलेली झाडं काही वर्षांनी तोडून बंद गाडीतून बाहेर न्यायची आणि नवी लावायची.

"ही माती सुदराय किती दीस लागत्याल?" केरबानं विचारलं.

"वीस वर्षं. कदाचित चाळीस. झाडाला घाई नसते."

"म्हंजी ही कुस्ती झाडानं धरल्याली हाय. आमी निसतं बघायचं."

"बघायचं आणि एक लक्षात ठेवायचं. ह्यातलं काही जनावराच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही आणि काही चुलीत जाऊ द्यायचं नाही. जाळलं की झाडानं गोळा केलेलं सगळं राखेत आणि धुरात बाहेर येतं. मोठ्या माणसाचं निभतं. तान्ह्या मुलाला थोडंसुद्धा फार होतं."

केरबानं ते ऐकलं आणि गावानं नाही. ज्याचा पाला शेळीला चालत नाही, ज्याचं लाकूड चुलीला चालत नाही, ते झाड कशाला, असं गाव म्हणायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि केरबाचं काय जळत होतं ते गावाला ठाऊक नव्हतं.

केरबाला पहिली मुलगी झाली होती. वैजयंता. सगळे वैजू म्हणायचे. दोन वर्षांची होऊन गेली ती झटके येऊन. आधी तिचं खाणं तुटलं, मग चालती पोर धडपडायला लागली, मग एका दुपारी डोळे फिरवले. केरबाच्या आईनं निदान केलं ते तिथल्या तिथं. म्हणाली, पोरगीला काय बी झाल्यालं न्हवतं, हिच्या दुधातच इख हाय. ऐन तारुण्यातला पैलवान, डोक्यात भट्टीचा राग आणि समोर सांगायला आई. केरबानं अंबूबाईला अंगणात ओढलं आणि पट्ट्यानं मारलं. तिची दोन बोटं मोडली, ती अजून वाकडी आहेत. गल्ली बघत होती. कुणी मध्ये पडलं नाही, कारण दुधाचा दोष म्हटल्यावर बायकांनीही मान डोलावली होती.

हे अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. पाच वर्षांपूर्वी अनुजा मॅडमनं केरबाचं रक्त तपासायला नेलं आणि मग कागद बघत सहज विचारलं, "भट्टीवर असताना घरी लहान मूल होतं का? कामाचे कपडे कुठं बदलत होता?"

कपडे कोण बदलत होतं? भट्टीवरून आला की उंबऱ्यातच वैजू धावत यायची. तो तिला तसाच उचलून छातीशी धरायचा. ती त्याच्या सदऱ्याची गुंडी चघळत बसायची. त्या सदऱ्यावरची काळी धूळ तिच्या ओठांना लागायची, आणि तो हसून बोटानं पुसायचा. ते बोटही काळंच.

केरबा उठला. शेडच्या मागं गेला आणि भिंतीवर डोकं आपटत राहिला. भट्टीवरचा त्याचा जुना सोबती रफिक, जो आता झाडांना टँकरनं पाणी घालतो, त्यानं मागून कवळ घालून ओढलं तेव्हा भिंतीला रक्त लागलं होतं. त्या दिवसापासून केरबा त्या कुंपणाशी पिसाळल्यासारखा बसला. दिवसा घरी जायचा नाही. डबा तिथंच यायचा. सहा जणांना त्यानं मारलं, त्यातला आकाराम शेवटचा.

आणि अंबूबाईला सांगितलं का? नाही. ज्याला माणसाचा खांदा मोडायला पळभर लागत नाही, त्याला बायकोसमोर दोन वाक्यं बोलायला पाच वर्षं पुरली नाहीत. असली मर्दुमकी आपल्याकडं पैशाला पासरी मिळते.

गेल्या आश्विनात घरात नात आली. मुलगा अमरसिंह आणि सून निशिगंधा यांची पहिली. ईश्वरी नाव ठेवलं. केरबा रात्री घरी जायचा तो आधी नळावर आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, आणि तरीही पोरीला हात लावायचा नाही. लांबून बघायचा. सुनेला वाटायचं, सासऱ्याला मुलगी नको होती. ह्या पोरीच्या अंगाला त्या मातीचा कण लागू द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट त्याला आता जगात हवी होती.

शिमगा जवळ आला आणि त्याची झोप उडाली.

शिमग्याचं लाकूड विकत आणायचं नसतं, चोरायचं असतं. हा रिवाज. ज्याचं चोरलं त्यानं बोंब मारायची, आई-बहिणीवरून शिव्या द्यायच्या, आणि चोरणाऱ्यांनी त्या शिव्या प्रसादासारख्या घ्यायच्या. मालक जितका बोंबलेल तितकी होळी चांगली. कुणाची खाट जाते, कुणाचं फाटक जातं, पोलिसात कुणी जात नाही. आणि होळीच्या मधोमध उभा करायला लागतो एरंड. पूर्वी बांधाबांधावर असायचा. आता बांधच राहिले नाहीत, सगळीकडं प्लॉट आणि शेड. सबंध उचगावात दोन पुरुष उंचीचा एरंड एकाच ठिकाणी होता, आणि तो कुंपणात होता.

केरबा आठ दिवस आधी तालमीत गेला. तालमीचा वस्ताद हंबीरराव, एकेकाळचा त्याचा जोडीदार. दोघांनी एका हौदात माती खाल्लेली. होळी तालीमच उभी करायची.

"हंबीर, माझ्या कुंपनात पाऊल टाकू नका. हात जोडतो."

केरबाचे हात जोडले जात नाहीत, ते तसेच लोंबत एकमेकांना टेकले. हंबीरराव खो खो हसला.

"आरं, तू हात जोडाय लागलास? आजून शिमगा आठ दीस हाय की. आत्ताच सोंग घिऊन आलास?"

"सोंग न्हाय. त्या लाकडात शिसं हाय. राख पोरांच्या कपाळाला लावतासा तुमी. माझं ऐक."

"केरबा, शिमग्यात मालकानं आसंच बोंबलायचं आसतंय. बोंबल. आमी येतोच."

केरबानं मग त्याला शिव्या दिल्या. खऱ्या, पोटातून आलेल्या, ऐकणाऱ्याचे कान पेटावेत अशा. तालमीतली पोरं टाळ्या पिटायला लागली. एकजण म्हणाला, असा मालक नशिबानं भेटतो. बाहेर पडताना केरबानं दारातली पाण्याची घागर लाथेनं फोडली, त्यावरही टाळ्या पडल्या. वर्षभर ज्याला सगळे वचकून असायचे, त्याचा राग त्या एका आठवड्यात कवडीमोलाचा झाला.

आठ दिवस तो घरी गेलाच नाही. सोटा हाताला बांधलेलाच ठेवला. कापडी पट्टीखाली कातडी सोलून निघाली.

होळीच्या दिवशी तीन वाजता अमरसिंह धावत आला. "आबा, घरला चला. ईश्वरीला ताप भरलाय, डोळं फिरवाय लागलीया."

डोळं फिरवाय लागलीया, हे शब्द केरबाच्या कानात शिरले आणि त्याला कुंपण, झाडं, शिमगा काही दिसेना. साठीला आलेला माणूस रूळ ओलांडून धावत सुटला. वाटेत दोनदा पडला. पंजे टेकता येत नाहीत, त्यामुळं तोंडावर पडला. घरात पोहोचला तेव्हा निशिगंधा पुरणपोळी लाटत होती आणि ईश्वरी पाळण्यात अंगठा चोखत झोपली होती.

"काय झालं मामंजी? तोंडाला रगात कशाचं?"

सगळं त्याला उमगलं. परत धावला तेव्हा कुंपणाची तार कापलेली होती आणि मशीनची करवत घुरघुरत होती. अकरा एरंड आडवे झाले होते, तीन करंज झाले होते, चौथ्याला करवत लागली होती. ट्रॉली अर्धी भरली होती. आणि ट्रॉलीवर चढून फांद्या रचत होता अमरसिंह.

केरबानं पहिल्या पोराच्या गुडघ्यावर सोटा हाणला. पोर किंचाळून बसलं. दुसऱ्याच्या बरगडीत हाणला. करवत धरणारा करवत टाकून पळाला. ह्यात शिमग्याचा खेळ कुठंच नाही हे त्यांना तेव्हा कळलं, आणि खेळ संपला की माणसांचं जे होतं तेच त्यांचं झालं. पाचजण मिळून अंगावर आले. हंबीररावानं मागून येऊन केरबाच्या कमरेला मिठी घातली आणि उचलून आपटला. साठीतला पैलवान साठीतल्या पैलवानाला आपटतो तेव्हा दोघांचीही हाडं वाजतात. केरबानं त्याच्या कानाला चावा घेतला. रक्त आलं. मग कुणीतरी केरबाच्या पोटात लाथ घातली, आणि दुसरी घातली, आणि तो पोट धरून मुटकुळं झाला तसा त्यांनी त्याला ओढत नेऊन करंजाच्या बुंध्याला बांधला. बांधायला पट्टी त्याच्याच हाताची.

अमरसिंह जवळ आला. त्याचं तोंड उतरलं होतं, पण तो मागं सरला नाही.

"आबा, माझ्या पोरीचा पयला शिमगा हाय. लोकं म्हंत्यात, अमरचा बा येडा हाय, नातीला हात लावत न्हाय. एकदा तरी मला मान वर करून जगू द्या की. आक्ख्या उचगावात आज माझ्या पोरीच्या होळीएवढा एरंड कुणाचा नसंल."

"अमर, त्यात शिसं हाय."

"शिसं, शिसं. जल्मभर त्येच ऐकतोय."

ट्रॉली गेली. आता पोराला तरी काय बोल लावायचा? त्याला बहीण होती हे त्याला ठाऊक होतं, ती दृष्ट लागून गेली असं ठाऊक होतं. जे त्याला सांगायचं ते सांगणारा माणूस झाडाशी बांधलेला होता, आणि पाच वर्षं मोकळा होता तेव्हाही त्यानं ते सांगितलं नव्हतं.

सहाच्या सुमाराला रफिक टँकर घेऊन आला, झाडांना पाणी घालायला. त्याचा रोजा होता, ओठ सुकले होते. गाठ सुटेना तेव्हा त्यानं कोयत्यानं पट्टी कापली.

"चल दवाखान्यात," रफिक म्हणाला.

"टँकर भरल्याला हाय?"

"हाय."

"पंप चालू हाय?"

रफिक समजला. भट्टीवर दोघांनी एकत्र शिसं खाल्लं होतं, रफिकचे पुढचे चार दात त्यातच गेले होते. तो हळू म्हणाला, "केरबा, होळी हाय ती. माझ्या टँकरनं इझली तर काय हुईल ते तुला कळतंय का? उद्या माझं घर ऱ्हाणार न्हाय."

"म्हणून तू येऊ नगोस. कोपऱ्यावर उभा कर, पंप लाव आनि मशिदीत जा. इचारलं तर म्हण, केरबानं चोरला. शिमग्यात चोरल्यालं माफ आसतंय."

रफिकनं तसंच केलं. होळीच्या गल्लीच्या कोपऱ्यावर टँकर लावला, केरबाला उतरवलं, पंप सुरू केला आणि मागं न बघता निघून गेला. तेव्हा मशिदीच्या भोंग्याला अजून पाच मिनिटं होती.

होळी पेटली होती. शेणी, ऊस, करंजाचे ओंडके आणि मधोमध एरंड, सगळ्या घरांपेक्षा उंच. पोरं उलट्या हातानं बोंबलत होती. हलगी कडाडत होती. बायका नैवेद्याची ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या. ज्या घरात तान्हं मूल त्या घराचा पहिला मान, म्हणून सगळ्यांच्या पुढं अंबूबाई. एका हातात ईश्वरी, काजळ घातलेली, नवं कुंचडं घातलेली, आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. ओल्या लाकडाचा पांढरा धूर वळला आणि पोरीच्या तोंडावरून गेला. पोर खोकली. अंबूबाईनं कौतुकानं तिचं तोंड पदरानं पुसलं.

केरबानं पाइप काखेत धरला आणि पाइपचं तोंड दोन्ही कोपरांत आवळलं.

पाणी आधी एरंडाला लागलं. एरंड हलला, वाकला आणि ठिणग्यांसह कोसळला. मग पाणी होळीच्या मुळात शिरलं. एवढा आवाज झाला की हलगी थांबली. वाफ उठली, काळं पाणी उकळत गल्लीभर पसरलं, बायकांच्या नैवेद्यात राखेचे शिंतोडे उडाले. कुणाच्या पायाला भाजलं, कुणी ताट टाकून पळालं. केरबा हटला नाही. शेवटचा निखारा मरेपर्यंत तो तसाच उभा होता, आणि त्याच्या तोंडातून एकही शिवी बाहेर पडली नाही.

पहिली थप्पड अमरसिंहानं मारली, स्वतःच्या बापाला, सगळ्या गल्लीसमोर. त्यानंतर कुणाचा हात कुणाला दिसेना. होळी विझवणारा म्हणजे गावावर अरिष्ट आणणारा, त्याला मारायला परवानगी लागत नाही. दात पडला. भुवई फुटली. हंबीररावानं, ज्याच्या कानातून अजून रक्त गळत होतं, केसाला धरून त्याचं तोंड त्या काळ्या चिखलात दाबलं. "इझवलीस? आरं, होळी इझवलीस?" असं तो रडल्यासारखा ओरडत होता आणि दाबत होता.

केरबानं मान फिरवून श्वास घेतला आणि ओरडला, "वैजू शिशानं मेली. वैजू माझ्या कापडांनी मेली."

मारणाऱ्यांना ते ऐकू गेलं नाही. अंबूबाईला गेलं. वैजूचं नाव त्या घरात अठ्ठावीस वर्षं कुणी घेतलं नव्हतं.

"थांबा," ती म्हणाली. कुणी थांबलं नाही तेव्हा ती त्या घोळक्यात घुसली, पोरीसकट. तान्हं मूल मध्ये आल्यावर हात आपोआप थांबले.

"काय म्हनालासा?"

केरबा उठून बसला. एका डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं. "भट्टीवरनं येऊन तसाच उचलून घेत हुतो तिला. सदऱ्यावर शिसं हुतं. ती सदरा चघळायची. शिसं डोस्क्यात गेलं तिच्या, म्हणून झटकं आलं. तुझ्या दुधात काय न्हवतं, अंबे. कायसुदीक न्हवतं. त्येच शिसं ह्या लाकडात हाय. पोरीला इथनं ने."

अंबूबाईनं ईश्वरीला निशिगंधाच्या हातात दिलं. "घरी ने. डोक्यावरनं आंघोळ घाल, साबण लावून. कुंचडं भायेर टाक." आवाज अगदी रोजचा होता. मग ती वळली आणि हातातला तांब्या तिनं केरबाच्या तोंडावर मारला.

तिनं त्याला मारलं ते कुणी आजवर मारलं नव्हतं तसं. तांब्यानं खांद्यावर, डोक्यावर, छातीवर, आणि तांब्या हातातून निसटला तेव्हा त्या वाकड्या बोटांच्या हातानं. केरबानं एकदाही हात आडवा केला नाही. हंबीरराव दोन पावलं मागं सरला. तो अठ्ठावीस वर्षांपूर्वीही त्या अंगणाच्या कडेला उभा होता, आणि ते त्याला त्या क्षणी आठवलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

ती थांबली ती दमली म्हणून. रांगेतल्या बायकांकडं वळून म्हणाली, "पोरं घरी न्या. आंघोळी घाला. ही राख कुणी न्यायची न्हाय." केरबाचं सहा वर्षं कुणी ऐकलं नव्हतं. तिचं सगळ्यांनी ऐकलं. पाच मिनिटांत गल्ली मोकळी झाली. मशिदीच्या भोंग्यावरची बांग केव्हाच होऊन गेली होती. अमरसिंह तोंडाला फडकं बांधून ओली राख फावड्यानं पोत्यात भरायला लागला. बाप सांगत होता, पोत्याचं तोंड आवळून बांध, आणि तो बांधत होता. बापाकडं बघत मात्र नव्हता.

पोती शेडमध्ये टाकून केरबा घरापाशी आला तेव्हा आठ वाजले असतील. अंबूबाई उंबऱ्यावर बसली होती. आतून ईश्वरीच्या रडण्याचा आवाज येत होता, न्हाऊ घातल्यावर पोरं रडतात तसा, खणखणीत. तो अंगणातच उभा राहिला.

"कवा कळलं?" तिनं विचारलं.

"पाच वरसं झाली."

"पाच वरसं." तिनं ते दोनदा म्हटलं. मग लग्नापासून पहिल्यांदा तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. "केरबा, झाडाला राखण बसलास पाच वरसं. मानसांची हाडं मोडलीस त्यापायी. मला दोन शबुद सांगाय तुला जमलं न्हाय?"

अंबूबाई तशीच पुढं बोलत राहिली.

"अमर झाला तवा मी काय सांगितलं तुला? दूध आटलं म्हणून सांगितलं. म्हशीच्या दुधावर वाढीवला त्येला. आटलं न्हवतं रं. धारा लागायच्या. लुगडं भिजायचं. त्यो माझ्याकडं बघून रडायचा, आन् मी परसात जाऊन पिळून मातीत टाकत हुतो. ह्येला बी मारंल माझं दूध, आसं वाटायचं. येक घोट दिला न्हाय मी माझ्या पोराला."

हे केरबाला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. केरबाच्या मागं अंगणात अमरसिंह येऊन उभा राहिला होता, त्यानंही ते तेव्हाच ऐकलं.

अंबूबाईनं उंबऱ्यावर कपाळ टेकलं आणि वैजूच्या नावानं मोठ्यानं हंबरडा फोडला. पोरीला माती दिली त्या दिवशी तिला रडू दिलं नव्हतं, ते सगळं आता बाहेर आलं. शेजारच्या बायका दारात आल्या. अमरसिंह आईजवळ जायला निघाला, तसा केरबानं त्याला आडवा हात घातला, म्हणाला, आधी कापडं काढ, नळावर अंग धू, मग जा. पोर खरंच नळावर गेलं. केरबाच्या अंगावर तर डोक्यापासून पायापर्यंत होळीची राख होती, म्हणून तो तिच्याजवळ गेला नाही.